अक्कलदाढेतला बॉम्ब

गेल्या वर्षी माझी अक्कलदाढ काढली. बहात्तराव्या वर्षी अक्कल काढून घेतात, यावर घरात जेवढे विनोद व्हायचे तेवढे झाले. दाताच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. दाढ कापसावर ठेवून त्या म्हणाल्या, "काका, नेताय की टाकून देऊ?" मी नेली. आता ती माझ्या टेबलावर होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत आहे. मुळं पिवळट, एक बाजू किडलेली, पण वरची टोपी अजून चकाकते. ती चकाकी इनॅमलची. आणि त्या इनॅमलमध्ये अणुबॉम्ब आहे.

ही उपमा नाही. अगदी शब्दशः आहे.

अक्कलदाढ तोंडात दिसते अठराव्या-विसाव्या वर्षी, पण तिची टोपी जबड्याच्या हाडात त्याच्या कितीतरी आधी, आठव्या-नवव्या वर्षापासून घडू लागते आणि बारा ते सोळा या वयात पुरी होते. एकदा बनलेल्या इनॅमलला शरीर पुन्हा हात लावत नाही. हाडं झिजतात, भरून येतात. कातडी सतत नवी होते. इनॅमल मात्र घडलं तेव्हा जे आत गेलं ते घेऊन बसतं. माझा जन्म १९५२ चा, सोलापूर जिल्ह्यातला. म्हणजे ही टोपी साधारण १९६४-६५ च्या आसपास तयार होत होती. त्या हिवाळ्यात मी काय खाल्लं असेल? मालदांडी ज्वारीची भाकरी, आणि जानेवारीत शेकोटीभोवती बसून हुरडा. त्या हुरड्यातून बॉम्ब माझ्यात आला.

तो हुरड्यात कसा गेला, हे सांगायचं तर आधी हिरोशिमाला जावं लागेल. कारण अणुस्फोट वस्तूंवर आणि माणसांवर कशी नोंद करून ठेवतो, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसलं.

६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. विमानातून टाकलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं. त्यातलं एक किलोसुद्धा फुटलं नाही. आणि जे फुटलं, त्यातलं प्रत्यक्ष ऊर्जा होऊन नाहीसं झालेलं वस्तुमान एक ग्रॅमही नव्हतं. पाऊण ग्रॅमच्या आत. एका मनुक्याएवढं. तेवढ्या वस्तुमानाने १५ हजार टन टीएनटीइतका दणका दिला. ७६,००० इमारतींच्या शहरात सुमारे ७०,००० इमारती पडल्या, जळल्या किंवा मोडकळीला आल्या. वर्षअखेरपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसं मेली. मनुका आणि एक लाख चाळीस हजार हे दोन आकडे मी पुष्कळदा शेजारीशेजारी ठेवून पाहिले आहेत. माझ्या डोक्यात ते अजून जुळत नाहीत.

स्फोट जमिनीवर झाला नाही. तो सुमारे ६०० मीटर उंचीवर, हवेत झाला, आणि ती उंची विचार करून ठरवलेली होती. जमिनीवर फुटला तर बरीचशी ताकद खड्डा खणण्यात जाते. हवेत फुटला तर दाबाची लाट खाली येऊन जमिनीवर आपटते, उलटते, मागून येणाऱ्या लाटेला मिळते आणि दोन्हींची मिळून एक जोरकस भिंत आडवी पळत सुटते. ज्याने हे गणित केलं त्याचं गणित चांगलं होतं, एवढंच म्हणता येईल.

हिरोशिमाच्या लोकांनी या स्फोटाला स्वतःचा शब्द दिला, तो कुठल्याही शास्त्रीय अहवालापेक्षा अचूक आहे: पिकादोन. 'पिका' म्हणजे लखकन, 'दोन' म्हणजे धडाम. आधी उजेड, मग आवाज. आपल्याकडे वीज पडते तसाच क्रम. पण जे स्फोटाच्या अगदी जवळ असूनही वाचले, त्यांच्यातले काही जण नुसतंच 'पिका' म्हणत. त्यांना आवाज ऐकू आल्याचं आठवतच नव्हतं.

तर पहिला आला उजेड. स्फोटाच्या बरोबर खाली जमिनीचं तापमान तीन ते चार हजार अंशांवर गेलं आणि ही सगळी आग दोन-तीन सेकंदांत बरसली. इतक्या कमी वेळात उष्णतेला आत झिरपायला सवड मिळत नाही. ती फक्त पृष्ठभागाला चाटून जाते. म्हणून कौलांना वरून फोड आले, तळण्यात पुरीला येतात तसे, आणि आतून कौल कौलच राहिलं. म्हणूनच सावल्या उमटल्या.

केंद्रापासून २६० मीटरवर सुमितोमो बँकेची शाखा होती. बँक उघडायची होती आणि दगडी पायऱ्यांवर कुणीतरी बसलं होतं. त्या व्यक्तीभोवतीचा दगड उष्णतेने फटफटीत पांढरा पडला. जिथे शरीर आड आलं तेवढा मूळच्या रंगाचा, गडद राहिला. बरेच लोक समजतात की माणसाची वाफ झाली आणि काजळी दगडावर बसली. तसं नाही. बदलला तो आजूबाजूचा दगड. सावली हाच त्या पायरीचा न बदललेला भाग. १९७१ मध्ये त्या पायऱ्या काढून हिरोशिमाच्या स्मृतिसंग्रहालयात नेऊन ठेवल्या.

अशा सावल्या शहरभर होत्या. पुलाच्या कठड्यांच्या, शिड्यांच्या, झाडांच्या. दोन किलोमीटरवरच्या गॅसच्या टाकीवर तिच्याच झडपेच्या चाकाची सावली, आऱ्यांसकट. आणि शास्त्रज्ञांनी या सावल्यांचं काय करावं? त्यांनी त्यांचे कोन मोजले. सावलीच्या टोकापासून वस्तूच्या टोकापर्यंत रेघ धरायची आणि तीच पुढे आकाशात वाढवायची. शहराच्या वेगवेगळ्या भागांतून अशा रेघा काढल्या की त्या एका जागी येऊन मिळतात. ती जागा म्हणजे बॉम्ब फुटल्याची जागा. सूर्यघड्याळात सूर्यावरून सावली कळते. इथे सावल्यांवरून तो एका क्षणाचा सूर्य शोधून काढला.

काळा रंग उष्णता पितो, पांढरा परतवतो, हे आपण शाळेत वाचतो आणि मेमध्ये अनुभवतो. हिरोशिमात तो धडा माणसांच्या अंगावर उतरला. किमोनोवरची गडद नक्षी बायकांच्या पाठीवर, खांद्यावर तशीच्या तशी भाजली गेली. कापडाचा पांढरा भाग होता तिथली कातडी कमी भाजली. कागदांचंही तेच. पांढऱ्या कागदावरची काळी शाईची अक्षरं तेवढी जळून गेली आणि कागदाला अक्षरांच्या आकाराची भोकं पडली.

उजेडामागून आली हवा. केंद्रापासून फक्त १६० मीटरवर एक प्रदर्शनगृह होतं, यान लेत्सेल या चेक वास्तुकाराने बांधलेलं, १९१५ सालचं. आज जगभर ज्याचा फोटो छापला जातो तो घुमटाचा सांगाडा हाच. आतलं कुणीही वाचलं नाही. मग भिंती कशा उभ्या राहिल्या? स्फोट जवळजवळ डोक्यावर झाला म्हणून. दाब वरून खाली आला. छत चिरडलं, मजले कोसळले, पण उभ्या भिंतींना आडवा धक्का कमी बसला. त्यापेक्षा किती तरी लांबची लाकडी घरं मात्र आडव्या लाटेने पत्त्यांसारखी झोपली. न्याहारीची वेळ होती. चुली, शेगड्या पेटलेल्या होत्या, त्यांच्यावर लाकूड आणि कागदी सरकदारं कोसळली. अर्ध्या तासात आगी एकमेकींना मिळाल्या आणि आगीने स्वतःचं वादळ तयार केलं. वर चढलेली राख, धूर आणि किरणोत्सारी धूळ ओलाव्यात मिसळून काळा पाऊस होऊन खाली आली. तहानलेल्यांनी तोंडं उघडून तो पाऊस प्यायला. या पावसात भिजलेल्या, पण सरकारी नकाशाच्या रेषेबाहेर राहिलेल्या ८४ जणांचा बॉम्बग्रस्त म्हणून हक्क मान्य व्हायला जुलै २०२१ उजाडावं लागलं. निकाल हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाचा. मधे शहात्तर वर्षं गेली.

तिसरी गोष्ट दिसलीच नाही. गामा किरण आणि न्यूट्रॉन. त्यांचा पहिला साक्षीदार शहरातलं रेडक्रॉस रुग्णालय: तिथल्या तळघरात बंद ठेवलेल्या एक्स-रेच्या फिल्म न वापरताच काळ्या पडल्या होत्या.

अंगावर जखम नसलेली माणसं दोनेक आठवड्यांनी आजारी पडू लागली. केसांचे झुपके हातात यायचे, हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, ताप, हगवण. शहरातले दहातले नऊ डॉक्टर मेले तरी होते किंवा जखमी. उरलेल्यांपैकी काहींना सुरुवातीला वाटलं, आमांश आहे. प्रत्यक्षात किरणांनी पेशी मारल्या नव्हत्या, पेशींची दुभंगायची क्षमता मारली होती. म्हणून जिथे पेशी सर्वांत भराभर दुभंगतात तिथे आधी घाव दिसला: केसांची मुळं, आतड्याचं अस्तर, हाडांमधली मज्जा. मज्जा रक्त बनवते. जुन्या रक्तपेशी आयुष्य संपवून गेल्या आणि मागून नव्या आल्याच नाहीत. दोन आठवड्यांचा उशीर का, त्याचं उत्तर हे. दुकानातला शिलकी माल संपेपर्यंत कारखाना बंद पडल्याचं कळत नाही.

मग रक्ताचा कर्करोग. तो वाढू लागला दोनेक वर्षांनी आणि टोकाला पोचला सहा ते आठ वर्षांनी. सदाको सासाकी स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची होती, धावण्याच्या शर्यतीत पुढे असायची, आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला बाराव्या वर्षी गेली. आजारपणात तिने दुमडलेले कागदी करकोचे सगळ्यांना माहीत आहेत. वाचलेल्यांचा आणि तुलनेसाठी इतरांचा मिळून सुमारे १ लाख २० हजार माणसांचा अभ्यास आजही चालू आहे, आणि किरणोत्साराने माणसाला काय होतं याबद्दल जगातला कुठलाही डॉक्टर जे सांगतो त्याचा मोठा भाग या माणसांकडून आलेला आहे. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनच्या धोक्याच्या अंदाजामागेही तेच उभे आहेत. त्या अभ्यासातली एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आईच्या पोटात असलेल्या बाळांवर, विशेषतः आठव्या ते पंधराव्या आठवड्यात असलेल्यांवर, भयंकर परिणाम झाले. पण स्फोटानंतर गर्भ राहून जन्मलेल्या वाचलेल्यांच्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचं आजवर आढळलेलं नाही. विज्ञानाने असा निर्वाळा दिला, तरी या घरांमधल्या मुलींची लग्नं मोडत राहिली. स्थळ का परत गेलं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

आणि झाडं. बॉम्बनंतर बोललं जात होतं की हिरोशिमात पंचाहत्तर वर्षं काही उगवणार नाही. पुढच्याच उन्हाळ्यात कण्हेर फुलली. होय, आपली कण्हेर. महामार्गाच्या दुभाजकावर धूर खात उभी असते तीच. तिला पुढे हिरोशिमाने शहराचं फूल केलं. होसेन्बो मंदिरातला गिंको केंद्रापासून सव्वा किलोमीटरच्या आत होता. मंदिर पडलं, झाडाला पालवी फुटली, आणि नंतर मंदिर पुन्हा बांधताना झाडासाठी जागा ठेवून बांधलं. दोन किलोमीटरच्या टापूतली अशी सुमारे १६० झाडं आजही नोंदवहीत आहेत. त्यांच्यातली बरीच एका बाजूला कलली आहेत, आणि कलली आहेत ती स्फोटाच्या दिशेने. वाटेल की उलट हवं, लाटेने दूर ढकलायला हवं होतं. पण स्फोटाकडची बाजू भाजली, तिथलं लाकूड कमी वाढलं. पलीकडची बाजू निरोगी वाढत राहिली. झाड हळूहळू, वर्षाला केसभर, जखमेकडे झुकत गेलं.

एवढं झालं तरी हिरोशिमाचा आणि ९ ऑगस्टचा नागासाकीचा, हे दोन बॉम्ब माझ्या दाढेत जवळजवळ नाहीत. माझ्या दाढेत आहेत ते त्यानंतरचे, कुणावरही न टाकलेले. चाचण्यांचे.

१९४५ ते १९८० या काळात पाचशेहून जास्त अणुचाचण्या उघड्या वातावरणात झाल्या. एकूण ताकद सुमारे ४४० मेगाटन. भागाकार केला तर हिरोशिमासारखे एकोणतीस हजार बॉम्ब. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटावर एक हायड्रोजन बॉम्ब फोडला. अपेक्षा ६ मेगाटनची होती, निघाला १५ चा. बॉम्बमधल्या लिथियमचा जो प्रकार निष्क्रिय राहील असं धरलं होतं, तोही पेटला. शेजारच्या राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली आणि लहान मुलं त्यात खेळली. जपानच्या एका मासेमारी बोटीवर तीच राख पडली. बोटीवरच्या तेवीस जणांपैकी एक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत उभं राहून मागणी केली की निदान या चाचण्या तरी थांबवा. दोन वर्षांनी भारत सरकारने शास्त्रज्ञ डी. एस. कोठारींकडून अणुस्फोटांच्या परिणामांवर एक पुस्तकच काढून घेतलं, प्रस्तावना नेहरूंची. ज्या देशाकडे बॉम्ब नव्हता त्याने १९५६ साली असं पुस्तक काढावं, हे मला अजूनही मोठं वाटतं.

स्ट्राँशियम-९० नावाचं एक किरणोत्सारी मूलद्रव्य या राखेत असतं. शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडांत, दातांत बसवून टाकतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या काही शास्त्रज्ञांनी आणि गृहिणींनी १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. तीन लाखांच्या आसपास दात जमले. आमचे दुधाचे दात शेणात गुंडाळून कौलावर फेकले गेले, नाहीतर त्यांनीही काहीतरी सांगितलं असतं. सेंट लुईसच्या त्या दातांत स्ट्राँशियम वाढत असल्याचं दिसलं आणि चाचणीबंदीची मागणी घराघरात गेली. अखेर ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत करार झाला, तीनच दिवसांनी भारताने सही केली. फ्रान्स आणि चीन बाहेर राहिले, पण चाचण्यांचा मोठा पूर ओसरला.

आता हुरड्याकडे. स्फोटातून न्यूट्रॉन सुटतात. हवेत पाचातले चार भाग नायट्रोजन. न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूला धडकला की त्यातला एक प्रोटॉन बाहेर पडतो आणि उरतो तो कार्बन-१४. हे काम अवकाशातून येणारे किरणही करतातच, म्हणून निसर्गात दर लाख कोटी कार्बन अणूंमागे साधारण एक अणू या जातीचा असतो. चाचण्यांनी तेच काम इतक्या झपाट्याने केलं की १९६३ पर्यंत उत्तर गोलार्धातल्या हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. त्याला ऑक्सिजन मिळाला, कार्बन डायऑक्साइड झाला, आणि वाऱ्याने तो जगभर घुसळला. आर्क्टिकमधल्या रशियन बेटावर बनलेला अणू वर्ष-दीड वर्षात मंगळवेढ्याच्या काळ्या रानावर आला. ज्वारीच्या पानाने तो ओढला, उन्हात त्याची साखर केली, साखरेचं दाण्यात पीठ झालं. ते दाणे कोवळे असतानाच कणीस शेकोटीत भाजून कुणीतरी माझ्या हातावर चोळून दिलं. माझ्या दाढेचा कारखाना तेव्हा चालू होता.

घाबरण्याचं यात काही नाही. कार्बन-१४ तुमच्यात-माझ्यात कायमच असतो. सत्तर किलोच्या माणसात त्याचे सेकंदाला साडेतीन हजारांहून जास्त अणू असेही फुटतच असतात.

यातली गंमत निराळीच आहे. हवेतल्या कार्बन-१४ चा आलेख १९५५ नंतर उंच चढला आणि १९६३ नंतर उतरू लागला, कारण समुद्र आणि झाडं तो शोषत गेली. म्हणजे दर वर्षाचं प्रमाण वेगळं, दर वर्षावर वेगळा शिक्का. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांना प्रश्न पडला होता: मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या पेशी बनतात का? उंदराच्या पेशीवर खूण करून पाहता येतं. माणसावर कोण करू देईल? मग लक्षात आलं, खूण आधीच झाली आहे. सगळ्या जगाला. पेशी जन्मताना डीएनएमध्ये त्या वर्षाचा कार्बन घेते आणि तो सोडत नाही. २००५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की नुसत्या इनॅमलवरून माणसाचं जन्मसाल दीडेक वर्षाच्या फरकाने सांगता येतं. पुढे हृदयाचे स्नायू मोजले: पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. मेंदूतल्या स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये दर बाजूला रोज सुमारे ७०० नव्या पेशी येतात, असं त्यांनी २०१३ मध्ये मांडलं. त्यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. पण हृदय थोडं थोडं नवं होत असतं, हे माणसाला अणुबॉम्बच्या राखेतून कळलं, हे वाक्य लिहून मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

हे घड्याळ आता बंद पडत आलं आहे. कोळसा आणि पेट्रोल इतकं पुरातन असतं की त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. ते जाळून आपण हवा पातळ करत आलो, आणि प्रमाण आता चाचण्यांपूर्वीच्या पातळीजवळ पोचलं आहे. माझ्या नातवाचा पहिला दात गेल्या महिन्यात पडला. त्यात हा शिक्का नसल्यासारखाच असणार.

दाढ बाटलीतच आहे. कार्बन-१४ निम्मा व्हायला ५,७३० वर्षं लागतात. त्या हिवाळ्यात तिच्यात शिरलेल्या दर हजार अणूंपैकी ९९३ अजून जागेवर आहेत.